मोडीत जाणारा गुरू

जडावाच्या कामाबद्दल बोलणे निघाले की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली आहेत. नव्या पोरांना हे मान मोडून बसायचे काम नको, हे एक. आणि यंत्रे आल्यावर हाताच्या कामाला विचारतो कोण, हे दुसरे. सराफ्यातले जाणते हेच सांगतात, आणि कारागिरांसाठीच्या योजनाही याच समजुतीवर बेतलेल्या असतात. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, पण ते वरवरचे आहे. निदान वरवरचे असले की उपायही तसेच होतात: पोरे गोळा करा, शिबिर घ्या, हत्यारांची पेटी द्या, प्रमाणपत्र हातात ठेवा.

माझे म्हणणे असे की खडे बसवण्याची विद्या गुरूकडून शिष्याकडे जाते हे अर्धेच सत्य आहे. ती जुन्या दागिन्यातून नव्या हातात जाते. गुरू त्या दोघांची गाठ घालून देतो. एक खडा गळालेला तन्मणी, ढिली झालेली कुडी, पाणी शिरून काळवंडलेली आजीची नथ, ही या विद्येची पाठ्यपुस्तके आहेत. ती कारागिराच्या पाटावर यायची थांबली आणि सरळ मुशीत जाऊ लागली, तेव्हा शिकवणे थांबले. शिकणारा मुलगा उठून गेला तो त्यानंतर. आपण मात्र सगळा दोष त्या मुलावर ठेवून मोकळे झालो आहोत.

बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई हे जडावासाठी नावाजलेले गाव नाही. जयपूर, हैदराबाद किंवा मुंबईच्या झवेरी बाजाराशी त्याची बरोबरी कुणी करणार नाही. तरीही मी या गावातूनच हा प्रश्न मांडतो आहे. मोठ्या बाजारात नवे दागिने घडतात. जुना डाग, म्हणजे दागिना, दुरुस्तीला न्यायचा की मोडायचा, हा निर्णय अशा तालुक्याच्या गावातल्या पेढीवर होतो. तिथे तो कसा होतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

१. हात नेमके काय शिकतो

आज अंगठीत हिरा पाहण्याची जी सवय आपल्याला लागली आहे ती फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ साली सहा नख्यांवर हिरा उचलून धरणारी अंगठी आणली. या बसवणीत खालून-बाजूने उजेड शिरतो, आणि पैलू पाडलेला हिरा तो परत फेकतो. त्यासाठी खडा मापात कापलेला हवा. घर आधी ठरते, खडा त्या घराच्या मापाचा निवडला जातो.

आपल्या जडावातल्या कुंदनाच्या कामात क्रम उलटा आहे. खडा जसा असेल तसा घ्यायचा. वाकडा माणिक, चपटा पाचू, पैलू न पाडलेला हिरा, सगळे चालते. सोने त्याच्याकडे जाते. आधी सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ साचा घडवतात. पोकळीत लाख भरतात आणि कोळशाच्या धगीवर ती मऊ करतात. खड्याच्या तळाशी चकाकता पत्रा घालतात, कारण मागची बाजू बंद असते आणि आत शिरलेला उजेड परतवायला तिथे दुसरे काही नसते. खडा लाखेत बसला की त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शंभर नंबरी सोन्याच्या पातळ पट्ट्या पोलादी सळईने दाबत जायचे, थरावर थर. जोडायला विस्तव नाही, डाख नाही. चोख सोन्यावर गंज चढत नाही, त्यामुळे दोन स्वच्छ पृष्ठभाग पुरेशा दाबाखाली आले की ते थंडपणेच एकजीव होतात. शेवटी कडा छाटून अकीकाने किंवा पोलादाने घासली की खड्याभोवती सोन्याची अखंड चौकट दिसते.

लिहिताना हे परिच्छेदभरात उरकले. हाताला ते कळायला वर्षे लागतात. बोटाचा तेलकटपणा पट्टीला लागला तर थर धरत नाही. लाख जरा जास्त तापली तर खडा खचतो, कमी तापली तर तरंगतो. सळईचा दाब एका बाजूने वाढला की खडा दुसऱ्या बाजूला कलतो, आणि ते त्याच दिवशी दिसेल असे नाही. दोन-चार वर्षांनी नथ घालता-काढताना तो खडा हातात येतो, तेव्हा दिसते. काम झाल्यावर कसबी माणूस दागिना कानाजवळ धरून नखाने हलकेच टिचकी मारतो. ढिला खडा बारीक आवाज करतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला त्या आवाजात कळते.

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही म्हणून या शिवभक्ताने डोळ्यांना पट्टी बांधून कटिसूत्राचे माप घेतले. या कथेचा अर्थ हरिहर-ऐक्याचा लावतात, आणि तो बरोबरच आहे. मला मात्र तीत कारागिरीचीही एक खूण दिसते. सोनाराचे डोळे बांधलेले असतानाही माप घेता येईल, हे ती कथा सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने गृहीत धरले होते.

२. शिकवणारे दोघे असतात

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात अव्यक्त ज्ञानाचा विचार मांडला. माणसाला जे येते ते सगळे त्याला शब्दांत सांगता येत नाही, असा त्याचा गाभा. पारंपरिक कारागिरीवर लिहिणारे हा विचार हटकून वापरतात आणि निष्कर्ष काढतात की विद्या कारागिराच्या हातात आहे. हात गेला की ती गेली. म्हणून मग वृद्ध कारागिरांच्या याद्या होतात, सत्कार होतात.

यात एक गफलत आहे. हातातले ज्ञान शब्दांत येत नसेल, पण वस्तूत उतरते. जुना दागिना उघडला की त्यात लाख किती आहे, पत्रा चांदीचा आहे की सोन्याचा, सोन्याच्या पट्ट्या कोणत्या बाजूने भरत आणल्या, घट्टपणा कुठे मुद्दाम कमी ठेवला आहे, हे सगळे समोर असते. जुन्या घरातल्या दागिन्यात तर बहुधा दोन हात दिसतात, घडवणाऱ्याचा आणि नंतर कधीतरी दुरुस्त करणाऱ्याचा. कुठला टिकला आणि कुठला फसला, याचा निकालही तिथेच लागलेला असतो. पन्नास वर्षे वापर, घाम, पाणी आणि हळदीकुंकवाचे समारंभ सोसून आलेली ती परीक्षा आहे. नव्या दागिन्यावर शिकणाऱ्याला हा निकाल मिळत नाही. त्याचे काम काचेच्या कपाटात जाते, तिथून गिऱ्हाइकाच्या घरी, आणि ते कसे टिकले हे त्याला कधीच कळत नाही.

म्हणूनच जुन्या पद्धतीत शिकाऊ मुलाला आधी दुरुस्तीला बसवत. मोरणीतला पडलेला खडा परत बसवणे, कुडीची लाख पुन्हा भरणे, काळा पडलेला पत्रा बदलणे. चांदीचा पत्रा हवेतल्या आणि पाण्यातल्या गंधकाने काळवंडतो आणि वरचा खडा मेल्यासारखा दिसू लागतो. पत्रा बदलला की तोच खडा पुन्हा पेटतो. हे एकदा आपल्या हाताने झाले की पत्रा का घालायचा आणि पाणी का शिरू द्यायचे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. यात गुरूचे काम लहान नाही. कोणता डाग आधी द्यायचा, कुठे थांबवायचे, कधी सळई हातातून काढून घ्यायची, हे तोच ठरवतो. पण शिकवण्याची सामग्री तो स्वतः निर्माण करू शकत नाही. ती गावाने आणून द्यावी लागते.

अंबाजोगाईकरांना हे समजायला लांब जायला नको. इथे १९७०च्या दशकात ग्रामीण भागासाठी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तिथे डॉक्टर घडतो तो व्याख्यानांनी आणि रुग्णांनी मिळून. समजा सगळे प्राध्यापक जागेवर आहेत, ग्रंथालय भरलेले आहे, आणि रुग्णालयात रुग्ण यायचे बंद झाले. किती वर्षे ते महाविद्यालय डॉक्टर घडवू शकेल? आणि ते बंद पडले तर विद्यार्थ्यांना अभ्यासाची आवड उरली नाही, असे निदान आपण करू का? जडावाच्या बाबतीत आपण तेच केले आहे.

३. डाग पाटावर यायचे कधी थांबले

पहिला घाव कायद्याचा होता. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण नियम लागू झाले. १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यावर बंदी आली. देशभरच्या सोनारांवर उपासमारीची पाळी आली, आत्महत्या झाल्या. ही हकिगत आर्थिक इतिहास म्हणून सांगितली जाते. तिची तांत्रिक बाजू सहसा कुणी पाहत नाही. १४ कॅरट म्हणजे शंभरात साधारण ५८ भाग सोने, बाकी तांबे आणि इतर धातू. असा मिश्रधातू कडक असतो, त्याच्या पृष्ठभागावर तांब्याची काजळी धरते, आणि तो दाबाने एकजीव होत नाही. म्हणजे या नियमात बांगडी घडवता येत होती, अंगठी घडवता येत होती. कुंदन भरता येत नव्हते. १४ कॅरटची अट १९६६ साली उठली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने परवाने, नोंदी आणि शुद्ध सोने बाळगण्यावरचे निर्बंध पुढे चालू ठेवले. तो कायदा १९९० साली रद्द झाला. मधली २७ वर्षे म्हणजे शिकाऊ मुलांची एक पूर्ण पिढी. ज्या बापाने स्वतः त्या काळात चोख सोने चोरून-लपून हाताळले, त्याने मुलाला त्या पाटावर बसवले नाही, यात आश्चर्य कसले?

दुसरा घाव हळू आणि खोल आहे, आणि त्याला केवळ सरकार जबाबदार नाही. तो हिशेबाच्या पद्धतीत आहे. मोडीच्या हिशेबात सोन्याचे वजन मोजतात. खडे आणि लाख वजा होतात. एका तन्मणीच्या खोडात कारागिराचे महिने असतील, वजनकाट्याला त्याची खबर नसते. लाख जळते, खडे पुडीत बांधून परत मिळतात, आणि उरलेले सोने लगडीत जाते. भाव चढेल तसा हा मोह वाढतो. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा घराघरात कपाटातले जुने डाग बाहेर निघाले. सरकारनेही २०१५ साली जी सुवर्ण मुद्रीकरण योजना आणली तीत दागिना ठेवायचा म्हणजे आधी तो वितळवून कस काढायचा, अशीच रीत होती.

याला मी व्यापार म्हणून नावे ठेवत नाही. लेकीचे लग्न, दवाखान्याचे बिल, बी-बियाणे, यासाठी सोने मोडणे हा त्या सोन्याचा रास्त उपयोग आहे. पण संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेली सुमारे ४० फुटी पासोडी आजही या गावात आहे, आणि ती कापडाच्या वजनावर कुणी विकायला काढली तर सगळे गाव रस्त्यावर येईल. तिच्यावरचे अक्षर महत्त्वाचे, हे आपल्याला कळते. नथीच्या कोंदणातले अक्षर आपल्याला वाचता येत नाही, म्हणून ते वजनाने जाते.

तिसरी गोष्ट मजुरीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित आहे. घडणावळ सहसा सोन्याच्या वजनावर किंवा किमतीच्या टक्क्यांवर आकारतात. दुरुस्तीत नवे सोने जवळजवळ लागत नाही, म्हणून तिची घडणावळही निघत नाही. पेढीवाला गिऱ्हाईक राखायला ती फुकटात किंवा चहापाण्याच्या पैशांत करून देतो, आणि कारागिराच्या वाट्याला तेवढेच येते. सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकवणारे काम सर्वांत कमी पैशाचे झाले. मग कारागीर सल्ला देतो: ताई, हे मोडा आणि नवे करा. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळे काही बोललो असतो का?

४. तीन उपाय आणि त्यांची मर्यादा

प्रशिक्षणापासून सुरुवात करू. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सोनार आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, पंधरा दिवसांचे किंवा अधिक प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि कमी व्याजाचे कर्ज. यातले कर्ज आणि हत्यारे उपयोगाची आहेत, आणि गरजू कारागिराने ती जरूर घ्यावीत. पण सात दिवसांत काय शिकवणार? मापात कापलेले खडे तयार घरात बसवणे थोडे अंगवळणी पडेल. ते काम मुंबईच्या निर्यात कारखान्यांत आता मेणाच्या नमुन्यातच खडे बसवून आणि मग सोने ओतून होते. म्हणजे आपण मुलाला नेमके तेच शिकवतो जे यंत्र त्याच्याहून स्वस्तात करते, आणि मग त्याला काम मिळाले नाही म्हणून हळहळतो.

दुसरा उपाय चित्रीकरणाचा. त्यात सळईची हालचाल दिसते, दाब दिसत नाही. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

संग्रहालयाचा मुद्दा मात्र मोठा आहे, कारण मराठवाड्याकडे त्याचे दोन धडे आहेत. पहिला निजामाचा. हैदराबाद संस्थानात आपण होतो, आणि त्या घराण्याच्या जवाहिरातले १७३ नग भारत सरकारने १९९५ साली सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. दख्खनी जडावाचे याहून मोठे भांडार सहज सापडणार नाही. ते देशाबाहेर गेले नाही, हे फार चांगले झाले. आज ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहे, अधूनमधून त्याचे प्रदर्शन भरते. जडावाचे काम शिकणाऱ्या मुलाला त्यातला एकही नग हातात घेऊन मागून पाहता येत नाही, आणि तसे करू द्या असे मी म्हणणारही नाही. मुद्दा इतकाच की वस्तू वाचली, तरी तिची विद्या त्यामुळे वाचत नाही.

दुसरा धडा जुना आहे. बालाघाटाच्या ज्या काळ्या कातळावर अंबाजोगाई वसले आहे, त्याच दख्खनी कातळाच्या पोकळ्यांत अकीक जमतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोचला जाणाऱ्या अशा खड्यांची नोंद आहे, आणि तगर, म्हणजे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, तिथून जाणाऱ्या कापडाचीही. तेरच्या उत्खननात निघालेले मणी तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. मणी आहेत, ते घडवणारी परंपरा तिथे वाहती राहिली नाही. गुजरातेत खंभातला मात्र अकीक घडवणारे हात आजही आहेत, आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक हडप्पाकालीन मणी कसे घडले हे समजून घ्यायला त्यांच्याकडे जाऊन बसतात. दगड दोन्हीकडे होता. खंभातला कामाचा ओघ टिकला.

कामाचा ओघ मुद्दाम टिकवताही येतो. जपानमधले इसेचे देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ सालचे बांधकाम ६२वे होते. देवालयाबरोबर देवाच्या शेकडो वस्तू, वस्त्रे आणि आयुधेही नव्याने घडवतात. वीस वर्षांच्या फेऱ्यात माणूस एकदा शिकाऊ म्हणून, एकदा मुख्य कारागीर म्हणून आणि एकदा शिकवणारा म्हणून हजर राहू शकतो. आपल्याकडे देवाचे दागिने पुन्हा घडवण्याची रीत नाही, ते जपण्याची आहे. पण जपण्यातही काम असते. कोल्हापूरच्या अंबाबाईचे दागिने दर नवरात्रापूर्वी बाहेर काढून रिठ्याच्या पाण्याने स्वच्छ करतात, आणि त्यांत जडावाचेही दागिने असतात. वर्षातून एकदा जुना डाग जाणत्या हातात येतो, ही केवढी मोठी सोय आहे. तिचा शिकवण्यासाठी उपयोग व्हावा, असे आपल्याला अजून सुचलेले नाही.

५. आक्षेप

ही विद्या एका जातीच्या घरात कोंडलेली होती. गेली तर रडता कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. सोनाराच्या घरचा मुलगा सोडून दुसऱ्याला पाटावर जागा नव्हती, मुलींना तर नव्हतीच. बापाने शेवटपर्यंत राखून ठेवलेली खुबी त्याच्याबरोबर गेल्याची उदाहरणे या धंद्यात कमी नाहीत. त्या कोंडीचे समर्थन मी करत नाही. उलट, दागिना हाच अर्धा गुरू आहे हे मान्य केले तर कोंडी फुटते. घराण्याची खुबी बाप लपवू शकतो. उघडलेले कोंदण जात विचारत नाही. जुने डाग जिथे उघडले आणि नोंदले जातात तिथे कुणाचीही मुलगी बसून शिकू शकते.

बाहेरच्या कारागिरांनी आपल्या लोकांचे काम घेतले. महाराष्ट्रातल्या कितीतरी सराफ बाजारांत आज बंगालमधून आलेले कारागीर बसलेले दिसतात. त्यांच्याबद्दल हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला वाईट वाटते. ते आले तेव्हा पाट रिकामे होते. घरापासून दूर, लहान खोलीत दिव्याखाली बसून आपल्या बायाबापड्यांच्या नथी त्यांनी सांभाळल्या. नथीची घडण त्यांच्या गावची नाही. ती त्यांनी दुरुस्तीला आलेल्या जुन्या नथी पाहूनच उचलली. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही. त्यांच्याजवळ आपल्या मुलांना शिकायला बसवण्यात कमीपणा कसला?

यंत्र आणि लेसर हे काम अधिक सफाईने करतात. नव्या दागिन्यात, मापाच्या खड्यांत, करतात. करू द्यावे. पण वेड्यावाकड्या जुन्या माणकाला मापात आणायचे तर तो कापावा लागतो, आणि लाखेवर बसलेल्या दागिन्याला आच चालत नाही. जुने वापरात ठेवायचे असेल तर थंड सोने आणि हाताचा दाब यांना पर्याय नाही.

दुष्काळी बीड जिल्ह्याला जडावाचे काय? ज्या जिल्ह्यातून लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात, तिथे कोंदणाची चर्चा हा रिकामटेकडेपणा आहे, असे कुणी म्हणाले तर मी त्याचा राग मानणार नाही. पण तोडणीला जाणाऱ्या बाईच्या नाकातही मोरणी असते आणि तीत एक लाल खडा असतो. तो पडला की तिच्यापुढे दोन वाटा असतात: तसेच चालवून घेणे, किंवा मोडून घट सोसून नवी घेणे. श्रीमंताला ती घट जाणवत नाही, हिला जाणवते. चांगला बसवणारा गावात असेल तर तिचे गुंजभर सोने तिच्याकडेच राहते. आणि कोयता हातात न घेता गावातच राहून मिळवता येईल असे जे थोडेबहुत रोजगार आहेत, त्यांत एक पाट आणि एक बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, एवढ्यावर उभा राहणारा हा रोजगार आहे. गरिबाच्या मोरणीपासूनच शिकाऊ हात सुरू होतो, म्हणून विद्येलाही तिची गरज आहे.

६. अंबाजोगाईत काय करता येईल

मोठ्या संस्थेची मागणी मी करत नाही. पेढ्या, कारागीर आणि देवस्थान यांनी मनावर घेतले तर पुरे.

सुरुवात दरफलकापासून व्हावी. दुरुस्तीची मजुरी सोन्याच्या वजनापासून सोडवायला हवी. खडा बसवणे, लाख भरणे, पत्रा बदलणे, कुंदन पुन्हा भरणे, प्रत्येकाचा दर वेळेवर आणि कौशल्यावर ठरलेला आणि लिहून लावलेला असावा. गिऱ्हाईक कुरकुर करेल. पण मोडीत किती घट जाते हे त्याला त्याच वेळी आकड्यांत दाखवले, तर पुष्कळजण दुरुस्तीचा दर देतील असे मला वाटते. विश्वकर्मा योजनेचा भत्ताही वर्गात बसलेल्या दिवसांऐवजी जाणत्याच्या देखरेखीखाली पुऱ्या केलेल्या दुरुस्त्यांवर मिळाला, तर शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची दोघांची वेळ भरून निघेल.

दुसरे म्हणजे पावती. जून २०२१ पासून दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती झाली. कुंदन, पोलकी आणि जडाव यांना त्यातून सूट आहे. ही सूट समजण्यासारखी आहे, कारण लाखेवर बसवलेला दागिना न मोडता त्यातल्या सोन्याचा नीट हिशेब लागत नाही. बंद कोंदणाबद्दलचा संशयही आजचा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात सोनाराच्या चोरीचे पाच मार्ग मोजून सांगितले आहेत. मग जिथे शिक्का नाही तिथे पावती बोलकी हवी. निव्वळ सोने किती, लाख किती, खडे कोणते आणि किती वजनाचे, पत्रा कशाचा, काम कोणाच्या हातचे. कारागिराचे नाव पावतीवर येणे मला फार महत्त्वाचे वाटते. आज पेढीचे नाव दागिन्यावर असते आणि बसवणाऱ्याचे कुठेच नसते.

तिसरे, मोडीला आलेला जडावाचा डाग लगेच आटवू नये. मालकाचे पैसे चुकते करावेत, डाग आठ दिवस बाजूला ठेवावा, आणि पक्कड लावून खडे उचकटण्याऐवजी शिकाऊ मुलामुलींनी तो जाणत्यासमोर थर थर उघडावा. छायाचित्रे काढावीत, वजने लिहावीत, जुन्या हाताने कुठे काय केले ते नोंदवावे. मग आटणी करावी. सोने एक गुंजही कमी होत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात देहदानाने जे साधते तेच इथे साधेल: जे जायचेच आहे ते जाण्याआधी शिकवून जाईल. दहा पेढ्यांनी पाच वर्षे हे केले, तर मराठवाड्यात जडाव कसे बसवत हे सांगणारी एक वही तयार होईल, जी माझ्या माहितीप्रमाणे आज कुठेही नाही.

आणि देवस्थाने. अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचे दोन मोठे उत्सव, शारदीय नवरात्र आणि मार्गशीर्षातला. भाविकांनी पिढ्यान्पिढ्या वाहिलेले दागिने इथे असोत, तुळजापूरला असोत की पंढरपूरला, त्यांची उत्सवापूर्वीची तपासणी हा शिकवण्याचा प्रसंग करता येईल. आपले जाणते कारागीर, त्यांच्यासोबत गावातले दोन शिकाऊ, समोर विश्वस्त आणि पंच, प्रत्येक डागाचे आधी आणि नंतर वजन व छायाचित्र. देवीच्या अंगावरच्या डागाला शिकाऊ हात लागू द्यायचा का, हा प्रश्न विचारला जाईल, आणि तो श्रद्धेतून येतो म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. पहिली काही वर्षे शिकाऊ मुलांनी फक्त पाहावे, धरावे, वजन लिहावे, कानाजवळ नेऊन ढिला खडा ओळखावा. सळई हातात कधी द्यायची ते शिकवणाऱ्याने ठरवावे, आणि ती द्यायची ती आधी गावातल्या मोरण्यांवर. नवरात्राच्या तयारीच्या बैठका दरवर्षी होतातच. या वर्षीच्या बैठकीत हा विषय घ्यायला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.